मौनाचा अर्थ होकार

डब्लिन शहराच्या उत्तर भागात ब्युमॉन्ट हॉस्पिटल आहे. आयर्लंडचं मूत्रपिंड प्रत्यारोपणाचं राष्ट्रीय केंद्र हेच. १७ जून २०२५ पासून त्या देशात अवयवदानाचा नवा कायदा लागू झाला. त्याचा सगळा भार 'ऑप्ट' या छोट्याशा इंग्रजी क्रियापदावर आहे.

'ऑप्ट'चं मूळ लॅटिन 'ओप्तारे'. निवडणं आणि इच्छा करणं, असे त्याचे दोन्ही अर्थ. फ्रेंचमार्गे हे क्रियापद इंग्रजीत आलं ते थेट एकोणिसाव्या शतकात. 'ऑप्शन' हे नाम तिथे आधीच रुळलं होतं. 'अ‍ॅडॉप्ट', म्हणजे दत्तक घेणं, हे याच कुळातलं. महापालिकेत 'को-ऑप्ट' करून घेतलेले स्वीकृत नगरसेवकही त्याच घरचे! आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र कमाल केली. 'हा धडा मी ऑप्शनला टाकला' म्हणजे तो सोडून दिला. हाच अर्थ सांगायला इंग्रजीला 'आउट' जोडावं लागतं.

आयर्लंडच्या कायद्यातलं 'ऑप्ट आउट' ते हेच. पूर्वी अवयवदानासाठी होकार लागायचा. आता देशात किमान वर्षभर राहिलेल्या, १८ वर्षांवरील व्यक्तीने सरकारी नोंदवहीत नकार नोंदवला नसेल, तर तिची संमती गृहीत धरली जाते. निर्णय घेण्याची क्षमता नसलेल्यांना यातून वगळलं आहे. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही अर्थातच या नियमात येतात.

तरीही घरच्यांना विचारलं जातंच. त्यांनी विरोध केला, तर दान होत नाही. ही तरतूद योग्यच आहे. दुःखात बुडालेल्या घरावर कायद्याने बळजोरी करू नये. स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा १९७९पासून आहे, पण तिथेही नातेवाइकांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्या देशाच्या यशाचं श्रेय जाणकार मंडळी कायद्यापेक्षा रुग्णालयांतल्या प्रशिक्षित समन्वयकांना देतात.

भारतातला १९९४चा कायदा याच्या उलट आहे. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांत तो सर्वांत आधी, १९९५मध्ये लागू झाला. त्यात मौनाचा अर्थ होकार होत नाही. हयातीत अर्ज भरलेला असला, तरी त्या घडीला डॉक्टर विचारतात ते घरच्यांनाच. म्हणून अवयवदानाचा अर्ज भरणाऱ्याने आपली इच्छा त्याच दिवशी घरात सर्वांसमोर स्पष्ट सांगावी.