सांगवीचं सांगणं, धुळ्याचं दप्तर

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा लेखकाचं वय पंचवीस होतं आणि नायकाचंही पंचविशीचंच. नायकाचं आडनाव सांगवीकर. लेखक जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचा. नायक पुण्याला शिकायला जातो. लेखक फर्ग्युसनमध्ये शिकलेला. नायक शिक्षणाचा पुरता बोजवारा उडवून घरी परततो. लेखकही शहरातून घरी आलेला, आणि तिथंच बसून काही आठवड्यांत त्यानं सबंध कादंबरी लिहून काढली. इतकी जुळणी हाती लागल्यावर वाचक दुसरं काय करणार? साठ वर्षं झाली तरी खानदेशात ‘कोसला’चा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, यातलं खरं किती?

प्रश्न साधा आहे आणि फारसा कामाचा नाही. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातून बापाच्या पैशावर पुण्याला जाणारी, मेसच्या राजकारणात बुडणारी, परीक्षेत आपटून परतणारी पोरं त्या काळातही काही कमी नव्हती. अनुभव सगळ्यांकडे होता, कादंबरी एकाकडेच निघाली. तेव्हा विचारायचं ते असं की, हा अनुभव कागदावर यायच्या आधी कुठं आणि कसा राहत होता? लेखकाच्या सवयींबद्दल आपण बोलतो तेव्हा पहाटेचं उठणं, चहाचे कप, ठरावीक पेन असल्या गोष्टी निघतात. मुलाखतींना त्या बऱ्या. खरी सवय लिहीत नसतानाची असते.

नेमाड्यांचं हे लिहीत नसणं मोजता येतं. ‘कोसला’नंतर पुढची कादंबरी यायला बारा वर्षं लागली. १९७५ ते १९७९ या काळात चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्या आल्या : ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. मग थेट २०१० साली ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’. म्हणजे एकतीस वर्षं. मधल्या काळात कविता आणि समीक्षा चालू होती, ‘टीकास्वयंवर’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई अशी अध्यापनाची वारी झाली. कादंबरी मात्र नाही. लेखकाचा ‘लेखकराव’ का होतो, हे ज्यानं तरुणपणीच एका निबंधात विचारून ठेवलं होतं, त्याला दर दिवाळीला काहीतरी छापून यायलाच हवं या सवयीचा तिटकारा असणं स्वाभाविक आहे. कथा या प्रकाराला तर त्यांनी आयुष्यभर मोडीत काढलं, आणि दिवाळी अंकांचं निम्मं पोट कथांवरच भरतं. हा लेखही दिवाळी अंकातच छापला जातोय, त्यामुळे ही टीका इथं जपून नोंदवलेली बरी.

काही आठवड्यांत ‘कोसला’ आणि तीन दशकांनी ‘हिंदू’, हे ऐकल्यावर वाटतं की एक उमाळ्याची आणि दुसरी अभ्यासाची. मला ते पटत नाही. अमेरिकेत जॅक केरुअकनं ‘ऑन द रोड’ १९५१ च्या एप्रिलमध्ये कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर तीन आठवड्यांत टंकलिखित केली, ही दंतकथा सगळ्यांना आवडते. त्याआधी कित्येक वर्षं तो प्रवासाच्या टिपणवह्या भरत होता, ही गोष्ट तिच्याइतकी सांगितली जात नाही. झपाट्यानं लिहून झालेल्या कादंबरीतलं पुष्कळसं आधी कुठंतरी तयार असतं. नेमाड्यांच्या बाबतीत ते कुठं तयार झालं असावं? माझा अंदाज असा की, बोलण्यात.

खानदेशात लिहिणं हे सांगण्याच्या मागून येतं. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्याला जन्मल्या, जळगावच्या चौधरी वाड्यात नांदल्या, तरुणपणीच विधवा झाल्या, आणि अक्षरओळख नसताना शेतात, जात्यावर, घरकामात गाणी रचत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जेवढं टिपलं तेवढं राहिलं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढल्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या खटपटीनं पुस्तक आलं. टिपायला कुणी जवळ नव्हतं तेव्हाचं सगळं हवेत गेलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

दुसरं उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातलं. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे, विनोबा भावे तिथं गीतेवर बोलले. समोर राजकीय कैदी. साने गुरुजी भराभर उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं झालं : बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. आणि हा लिहिणारा स्वतः कसला सांगणारा! अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून शिक्षक, वसतिगृहाचा प्रमुख, मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढणारा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली तीही झपाट्यानंच. माल सगळा कोकणचा, पालगडचा. पण रात्री जमलेल्या सोबत्यांना श्याम गोष्ट सांगतो आहे ही मांडणी कुठून आली असेल? अमळनेरच्या वसतिगृहात शिकवणीनंतर भोवती बसलेली पोरं डोळ्यांपुढं आणली तर उत्तर फार लांब शोधावं लागत नाही. कोकणानं अनुभव दिला, खानदेशानं ऐकणारे दिले. आत्मचरित्राचा कच्चा माल शोधणारे लोक ऐकणाऱ्यांचा हिशेब करत नाहीत, आणि माझ्या मते तिथंच त्यांची गल्लत होते. आपण कुणाला सांगतो आहोत हे ठरलं की काय सांगायचं आणि काय गाळायचं ते निम्मं ठरून जातं.

‘कोसला’ पुन्हा या कानानं ऐकावी. पांडुरंग सांगवीकर लिहीत नाही, बोलतो. वाक्य सुरू करून मध्येच सोडतो, ‘वगैरे’ म्हणून मोकळा होतो, गंभीर गोष्टीला ‘उदाहरणार्थ’ चिकटवतो, आपल्याच फजितीवर आपणच आधी हसून घेतो. होस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजता मित्रापुढं चालतं ते हे बोलणं. तो ऐकणारा मित्र प्रत्येक वाक्याच्या पलीकडे बसलेला जाणवतो. म्हणूनच धाकटी बहीण मणी मरते तिथं हा आवाज जे करतो ते इतकं झोंबतं. तो रडत नाही, वर्णनं करत नाही. तेच सपाट, तुटक बोलणं चालू राहतं, आणि मित्राला हसवायची त्याची नेहमीची हातचलाखी इथं चालेनाशी होते. लेखकाच्या घरी असं काही घडलं होतं का, हे कळून वाचकाच्या पदरात एका अक्षराची भर पडत नाही. शंभर पानं हसवणारा आवाज आधी कमावलेला आहे, म्हणून हे दुःख खरं वाटतं.

पण निव्वळ बोलण्यावर कादंबरी तगत नाही. इथं धुळ्याचा दुसरा वारसा उपयोगी पडतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे घरोघरची दप्तरं धुंडाळत महाराष्ट्रभर फिरले. माळ्यावरचे रुमाल, वसुलीचे कागद, वाण्याच्या वह्या, कुणाच्या लेखी चुलीत घालायचे ते कागद त्यांनी इतिहासाची साधनं म्हणून छापले. त्यांचे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतली बाडं गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. धुळ्याला आपण गिरण्यांचं आणि महामार्गाचं गाव म्हणून ओळखतो. जुने कागद न टाकण्याच्या बाबतीतही हे गाव थोर आहे. आणि याच राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहून मराठी कादंबरीत अद्भुत किती नि वास्तव किती याचा हिशेब मांडला होता, युरोपातल्या कादंबरीशी तिची तुलना केली होती. कागद गोळा करणाऱ्याला कादंबरीत रस असावा यात नवल नाही. दोघांनाही किरकोळ तपशिलाची भूक असते.

‘कोसला’त रोजनिशी आहे, मेसचे हिशेब आहेत, आणि मध्येच इतिहाससंशोधकाचा थाट आणून स्वतःच्याच आयुष्याची केलेली टवाळी आहे. राजवाडी पद्धतीची ही थट्टा आहे खरी, पण थट्टा करणाऱ्यानं ती पद्धत आत्मसात केलेली आहे. डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकलेल्या माणसाला टाकाऊ वाटणारा शब्द, म्हण, शिवी हेही साधनच असतं. चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्यांत तर साठवण जवळजवळ जनगणनेसारखी चालते. गावोगावची कॉलेजं, संस्थाचालक, भाड्याच्या खोल्या, प्राध्यापकांच्या जाती, स्टाफरूममधल्या कुरबुरी. नेमाड्यांनी स्वतः गावं बदलत नोकऱ्या केल्या नसत्या तर हे सुचलं नसतं, हे उघड आहे. ‘जरीला’ हे नाव जुन्या कापूसकऱ्याला कपाशीचं वाण म्हणून ठाऊक असतं. चांगदेव हे तर तापी-पूर्णेच्या संगमावरच्या गावाचंही नाव. नायक कुठल्याही शहरात बिऱ्हाड करो, नाव खानदेशातूनच घेऊन जातो. १९६० नंतर महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला निघालेल्या कॉलेजांचा आतला इतिहास मला कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा या चौकडीत जास्त सापडला. तरी खरं सांगायचं तर मधल्या दोन कादंबऱ्या वाचताना दम लागतो. नोंदी वाढत जातात आणि पांडुरंगाचा ऐकणारा मित्र कुठं दिसत नाही.

‘हिंदू’त साठवणारा उघडच नायक झाला आहे. खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक, सांकळियांच्या तालमीतला, मोहेंजोदडोच्या उत्खननावरून मरणपंथाला लागलेल्या वडिलांकडे मोरगावला परतणारा. पुन्हा परतणंच, पण आता सोबत पाच हजार वर्षांचं ओझं. हे दूरचं वाटलं तरी खानदेशाच्या पायाखाली तसं पुष्कळ आहे. तापीकाठचं प्रकाशे, गिरणेकाठचं बहाळ इथं पन्नासच्या दशकात उत्खननं झाली, आणि तापीकाठच्याच सावळदे गावावरून ताम्रपाषाण काळातल्या एका संस्कृतीला सावळदा हे नाव मिळालं. ज्या नांगरटीच्या वावरात खापरं वर येतात तिथं वाढलेल्या माणसाला थरांची कल्पना पुस्तकातून उचलावी लागत नाही. पंजाब-पेशावरपर्यंत पोचलेले महानुभाव मठ, लमाणांचे तांडे, बलुतेदारांची घरं, बायकांचे वाद, सगळं एकावर एक रचलेलं. २०१४ चा ज्ञानपीठ जाहीर झाला तेव्हा चर्चेत हीच कादंबरी जास्त होती.

तरी मला ‘कोसला’च मोठी वाटते. ‘हिंदू’त जिथं आत्या, शेजारणी, सालदार बोलू लागतात तिथं पानं भराभर उलटतात, जिथं खंडेराव सिद्धान्त मांडू लागतो तिथं देशीवादाचे व्याख्याते प्राध्यापक नेमाडे आडपडद्याविना दिसतात. मोरगावच्या ओट्यावर एवढं लांब भाषण कुणी ऐकून घेतलं नसतं. कुणीतरी मध्येच तंबाखू मळत उठून गेलं असतं आणि त्या उठून जाण्यानं वाक्य सुधारलं असतं.

आणखी एक तक्रार आहे. बहिणाबाईंच्या मुलखातल्या या कादंबऱ्यांत बाई बोलते ती पुरुष निवेदकाच्या तोंडून. मणी, आई, खंडेरावाची महानुभाव झालेली आत्या या सगळ्या जिवंत आहेत, पण त्यांची हकिकत कुणीतरी सांगतो तेव्हा आपल्यापर्यंत येते. पांडुरंग पुण्याला गेला तेव्हा मणी घरीच राहिली होती. आज यावल, चोपडा, साक्री, शिरपूरच्या मुली कोथरूड नि नऱ्ह्याच्या होस्टेलांत राहतात, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षं घालवतात, त्यातल्या काही नापास होऊन परततात, आणि परत आल्यावर घरात त्यांचं जे होतं ते पांडुरंगाच्या वाट्याला आलं त्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. मुलगा हरून आला तर बाप बोलत नाही. मुलगी आली तर स्थळं यायला लागतात. त्यांच्या रात्रीच्या गप्पा अहिराणीत आणि लेवा बोलीत फोनवर चालूच असतात. सांगण्याला तोटा नाही, आणि त्या गप्पा टिपायला आता मावसभावाची गरज उरलेली नाही.