संगणक ठेवायचा कुठे?

घरात संगणक आणायचे ठरले की रॅम किती, हार्ड डिस्क किती, याची आपण आठवडाभर चौकशी करतो. तो ठेवायचा कुठे, हे मात्र खोकी दारात आल्यावर ठरते. आमचेही तसेच झाले. टेबल थोरल्याच्या खोलीत होते, म्हणून संगणक तिथे गेला.

जोडणी अवघड नसते. प्रत्येक वायरचे टोक ठराविक जागीच बसते. जोर लावावा लागला तर जागा चुकली समजावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डलाच लावावी, नाहीतर बहुतेक वेळा स्क्रीन काळी राहते आणि आपण दुकानदाराला फोन करीत बसतो. खोकी आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावेत.

तिसऱ्या दिवशी मुलगी अनवाणी बसून सीपीयूच्या पत्र्याला हात लावते तर झिणझिण्या! वायरमनने बोर्ड उघडून पाहिला. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थिंगला, वायरच नव्हती. जुन्या घरांत असे आढळते. भोके तीन दिसली म्हणून अर्थिंग आहे असे समजू नये, आणि दोन पिनांचा जोड लावून तर संगणक कधीच चालवू नये. खोके उघडण्याआधी वायरमनला बोलवायला हवे होते, हे आम्हाला उशिरा कळले.

त्या खोलीत अर्थिंग ओढून घेऊ, असा विचार चालला होता. तेवढ्यात एका दुपारी बारावीतली मुलगी प्रवेश परीक्षेचा फॉर्म मोबाईलच्या इवल्याशा स्क्रीनवर भरताना दिसली. घरात संगणक असताना?

"भाईजान झोपलेत," ती म्हणाली.

दोघांसाठी आणलेली वस्तू एकाची झाली होती, आणि ते करणारे आम्हीच. शाळेत मुलींना पुढे बसवणारे आम्ही, घरी मात्र हे लक्षातही आले नाही.

मग मधल्या खोलीची पाहणी केली. पश्चिमेकडच्या, किबल्याच्या भिंतीलगत अम्मींची जानमाज असते; स्क्रीन नमाज पढणाऱ्याच्या समोर नको. शिवाय खिडकीही त्याच भिंतीत. संगणक समोरच्या भिंतीला ठेवला असता तर असरनंतरचे ऊन थेट स्क्रीनवर आले असते. म्हणून उत्तरेची भिंत निवडली. उजेड डावीकडून येतो, डोळ्यांना त्रास नाही. मॉनिटर हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला. सीपीयू जमिनीवर नाही, छोट्या स्टुलावर, कारण झाडू-पोछ्याची धूळ आणि पाणी आधी त्यातच जाते. मागे भिंतीपासून चार-सहा इंच मोकळे, गरम हवा बाहेर पडायला. अर्थिंगसह स्वतंत्र पॉइंट घेतला. फ्रिजच्या बोर्डावर भार टाकला नाही. यूपीएसही बसवला. वीज गेली की काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो, तेवढाच त्याचा उपयोग.

अम्मींची तक्रार आवाजाची होती, "मी तिलावत करायची कुठे?" त्यावर हेडफोन आला. सेटिंगमध्ये इंग्रजीसोबत मराठी आणि उर्दू कीबोर्डही घातले. उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे सरकताना पाहून अम्मींनी खुर्ची जवळ ओढली आणि बहिणीला पत्र लिहून द्यायला सांगितले.

मुलीचा फॉर्म त्याच टेबलावर भरून झाला. थोरल्याची कुरकुर अजून चालूच आहे. रात्री दहाला दादीसाठी दिवा मालवावा लागतो ना!