विजेवरची गाडी सावकाश का चार्ज होते?

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, राजपुरी खाडीच्या काठी आगरदांडा हे गाव आहे. खाडीच्या पलीकडे दिघी दिसते. आगरदांड्याच्या जेट्टीवरून माणसे आणि मोटारी घेऊन फेरीबोट दिघीला जाते. जेट्टीवर उभ्या असलेल्या मोटारींच्या रांगेत आता अधूनमधून हिरव्या नंबरपट्टीची गाडीही दिसते. हिरवी पट्टी म्हणजे विजेवर चालणारी गाडी. तिला पेट्रोल लागत नाही, धूर सोडणारे नळकांडे नसते. रात्री घरी प्लग लावायचा आणि सकाळी निघायचे.

पण कधी कधी सकाळ होते, तरी गाडी पूर्ण चार्ज झालेली नसते. अशा वेळी काय करावे?

समजा, ते घर तुमचेच आहे. उद्या सकाळी सहा वाजता दादीला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी अलिबागला न्यायचे आहे. अब्बांनी रात्री नऊ वाजता गाडी चार्जिंगला लावली. तेव्हा बॅटरीत 20 टक्के वीज होती. तासाभराने पाहिले, तर आकडा जेमतेम 27 झाला होता. अम्मी काळजीत पडल्या. शेजारचे चाचा म्हणाले, "तुमचे बटण कमजोर आहे. ते काढून तार सरळ जोडून टाका, वीज जोरात येईल."

थांबा! तारेला हात लावण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. तुम्ही उर्दूत ज्याला हिसाब म्हणता, त्यालाच मराठीत हिशेब म्हणतात. आधी तो करू.

नळाखाली हंडा ठेवला, तर तो भरायला किती वेळ लागेल? हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: हंडा केवढा आहे आणि नळाची धार किती आहे. गाडीचेही तसेच आहे. बॅटरी हा हंडा. तो युनिटमध्ये मोजतात. घराच्या वीजबिलात लिहिलेले असते, तेच हे युनिट. जानेवारी 2020 मध्ये टाटा कंपनीची 'नेक्सॉन' ही मोटार विजेच्या रूपात बाजारात आली. तिच्या बॅटरीत सुमारे 30 युनिट वीज मावत असे. आपण तेवढीच बॅटरी धरू.

आता धार पाहू. आपल्या घरात वीज साधारण 230 व्होल्ट दाबाने येते. तारेतून वाहणारी धारा अँपिअरमध्ये मोजतात. दाबाला धारेने गुणले की वॅट मिळतात. मोठ्या तीन पिनांच्या पॉवर प्लगमधून गाडीने 15 अँपिअर धारा घेतली, तर 230 गुणिले 15 म्हणजे 3450 वॅट झाले. एक हजार वॅट एक तास वापरले की एक युनिट होते. म्हणजे दर तासाला जवळजवळ साडेतीन युनिट.

20 टक्क्यांपासून 100 टक्क्यांपर्यंत जायला बॅटरीत 24 युनिट भरावी लागतील. पण मीटरमधून गेलेली सगळी वीज बॅटरीत पोहोचत नाही. घरातील वीज प्रत्यावर्ती असते, बॅटरीला एकदिश वीज लागते. गाडीतील चार्जर हा बदल करतो. त्यात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. म्हणून मीटरवर सुमारे 27 युनिट पडतील असे धरा. 27 ला 3.45 ने भागा. उत्तर येते जवळजवळ आठ तास.

म्हणजे आठ तास लागणे हा बिघाड नव्हे. ती घरच्या प्लगची नेहमीचीच चाल आहे. मोठ्या रस्त्यांवरील जलद चार्जर थेट एकदिश वीज बॅटरीला देतात आणि त्यांची धार घरच्या नळाच्या दहापट किंवा त्याहूनही मोठी असते. त्यांच्याशी घरच्या प्लगची तुलना करणे बरोबर नाही.

पण तुमच्या घरी एका तासात फक्त सात टक्के वाढ झाली. आठ तासांच्या हिशेबाने ती दहा टक्के व्हायला हवी होती. म्हणजे धार खरोखरच बारीक आहे. ती कुठे अडली? आपण गाडीपासून सुरुवात करू आणि एकेक पाऊल मागे, विजेच्या खांबापर्यंत जाऊ.

पहिले ठिकाण गाडी. अनेक गाड्यांत किती धारा घ्यायची हे ठरवता येते. कोणी तरी पूर्वी तो आकडा 10 अँपिअरवर ठेवला असेल, तर 230 गुणिले 10 म्हणजे 2300 वॅटच मिळतील. मग आठ तासांचे काम बारा तासांवर जाईल. गाडीच्या पडद्यावर तो आकडा पाहा. चार्जिंग सुरू असताना गाडीतला एसी चालू ठेवला असेल, तर तोही त्यातला वाटा खातो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. फेरीबोटीवर पहिल्या मोटारी भराभर चढतात. शेवटच्या मोटारीला मात्र जागा पाहून, मागेपुढे करून, सावकाश उभे राहावे लागते. बॅटरीचेही असेच असते. शेवटचे काही टक्के भरताना ती मुद्दाम वेग कमी करते. म्हणून 95 टक्क्यांनंतर आकडा रेंगाळला, तर घाबरू नका.

दुसरे ठिकाण प्लग आणि वायर. प्लगची खाच सैल झाली असेल, तर पिना नीट चिकटत नाहीत. वीज अडखळते आणि ती जागा तापते. आपल्या किनाऱ्यावर तर हवेत खारटपणा असतो. खिडकीच्या लोखंडी गजांवर लवकर गंज चढतो, हे तुम्ही रोज पाहता. तसाच थर पितळेच्या पिनांवर आणि तांब्याच्या तारांवरही चढतो. प्लगभोवती तपकिरी डाग दिसला किंवा जळका वास आला, तर मुख्य बटण बंद करायला मोठ्यांना ताबडतोब सांगा. बोटाने चाचपून पाहू नका.

काही जण खिडकीतून लांब जोडवायर अंगणात आणतात. समजा, ती वायर 30 मीटर लांब आणि आतली तांब्याची तार फक्त 1 चौरस मिलिमीटर जाडीची आहे. वीज जाते आणि परतही येते, म्हणून तार झाली 60 मीटर. तिचा रोध सुमारे एक ओहम भरतो. 15 अँपिअर धारेला तिथे 15 व्होल्ट खर्ची पडतात आणि 225 वॅट उष्णता तयार होते. वायर गुंडाळलेलीच ठेवली, तर ही उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचे प्लास्टिक वितळू लागते. धारा 10 अँपिअर केली, तर उष्णता 225 वरून 100 वॅटवर येते. धारा थोडी कमी झाली, तरी उष्णता खूप कमी होते. काही चार्जिंग वायरींच्या प्लगमध्ये तापमान ओळखणारा छोटा भाग असतो. प्लग तापला की धारा आपोआप कमी होते. म्हणजे ज्याला आपण गाडीचा आळस समजतो, ती तिची सावधगिरी असते.

तिसरे ठिकाण घरातील वायरिंग. गाडीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, जाड तार हवी. तिला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त धारा झाल्यास आपोआप पडणारे बटण हवे. त्याच तारेवर फ्रीज, पंप आणि गाडी असे सगळे असेल, तर ते बटण वारंवार पडेल. चाचा ज्याला कमजोर म्हणाले, ते बटण हेच. ते कमजोर नाही, ते पहारेकरी आहे. पहारेकऱ्याला हाकलून दार उघडे टाकणे हा काही उपाय नव्हे.

भूसंपर्कन, म्हणजेच अर्थिंग, हेही इथेच पाहायचे. तिसऱ्या पिनेची तार जमिनीत पुरलेल्या सळईला किंवा पत्र्याला जोडलेली असते. ती गंजून तुटली, तर बहुतेक चार्जिंग पेट्या लाल दिवा दाखवतात आणि चार्जिंग मुळी सुरूच करत नाहीत.

चौथे ठिकाण विजेचा खांब. संध्याकाळी गावात एकाच वेळी दिवे, पंखे, पंप आणि मुक्कामाला आलेल्या पर्यटकांच्या खोल्यांतील एसी सुरू होतात. रोहित्रापासून, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात त्यापासून, जे घर दूर असेल तिथे दाब कमी पोहोचतो. तो 190 व्होल्ट झाला, तर 15 अँपिअरला 2850 वॅटच मिळतात. रात्री उशिरा भार उतरला की दाब पुन्हा वाढतो. रात्री दहाला सावकाश आणि दोनला वेगाने चार्जिंग होत असेल, तर दोष बहुधा गाडीत नसतो. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा खांब कोसळून अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वादळानंतर घाईने मारलेला एखादा जोडही पुढे सैल पडून दाब कमी करू शकतो.

दोष घरात की बाहेर, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. हे काम मात्र जाणत्या वायरमननेच करायचे. गाडी चार्ज होत असताना तो दोन ठिकाणी दाब मोजतो: मुख्य बोर्डावर आणि गाडीच्या प्लगवर. बोर्डावर 228 आणि प्लगवर 205 व्होल्ट आले, तर दोष या दोहोंच्या मधल्या तारेत किंवा जोडात आहे. बोर्डावरच 190 आले, तर दोष घराबाहेर आहे. मग महावितरणकडे तक्रार नोंदवावी. त्यासाठी 1912 हा क्रमांक आहे. घरासाठी मंजूर झालेला भार गाडीला पुरेसा आहे का, तेही बिलावर पाहावे. नसेल, तर तो वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा.

तुमचे कामही सोपे नाही. घरातील इतर उपकरणे बंद असताना मीटरचा आकडा लिहून घ्या. बरोबर एका तासाने पुन्हा लिहा. दोन आकड्यांतील फरक म्हणजे तासाची धार. वेळ, युनिट आणि बॅटरीचे टक्के असा तक्ता चार रात्री भरा. तो तक्ता पाहून वायरमनचे निम्मे काम होईल.

आता पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. दादीला तर सकाळीच न्यायचे आहे! तासाला 2.3 युनिट या सावकाश धारेनेही रात्री नऊ ते सकाळी सहा या नऊ तासांत मीटरवर सुमारे 20 युनिट पडतील. त्यातील 18 बॅटरीत पोहोचतील. 30 युनिटांच्या बॅटरीत 18 युनिट म्हणजे 60 टक्के. आधीचे 20 मिळवा. सकाळी बॅटरी 80 टक्के भरलेली असेल. आगरदांड्याहून अलिबाग सुमारे 60 किलोमीटर. जाऊन-येऊन 120. पूर्ण बॅटरीवर ही गाडी 200 किलोमीटर चालते असे धरले, तर 60 टक्के वीज पुरेल आणि घरी परतल्यावरही 20 टक्के शिल्लक राहील.

म्हणजे त्या रात्री तारेला हात लावण्याची गरजच नव्हती. तो हात लागला असता, तर प्लग तापला असता, आणि बंद खिडक्यांच्या घरात सगळे झोपलेले असताना काय झाले असते, याचा विचार करा.

गाडी सावकाश चार्ज होऊ लागली, तर ती आपल्याला काही तरी सांगत असते. तिचे म्हणणे आधी ऐका. हिशेब करा, पाहा, लिहा. मग ज्याचे काम त्याला सांगा. दादी वेळेवर अलिबागला पोहोचतील, आणि मागे घरही सुरक्षित राहील.