पॅराशूट उघडलं, तरीही

विमानातून उडी मारणारा मरतो तो पॅराशूट न उघडल्यामुळे, असं आपण धरूनच चालतो. पूर्वी ते बरंचसं खरंही होतं. १९९१ मध्ये जर्मनीत ‘सायप्रेस’ हे छोटं यंत्र आलं. ते हवेचा दाब मोजत राहतं. जमीन सव्वादोनशे मीटरवर आली आणि माणूस अजूनही ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने कोसळत असेल, तर राखीव पॅराशूट अडकवून ठेवणारी दोरी ते कापतं. ताशी दोनशेच्या वेगाने पडणाऱ्याकडे तेव्हा जेमतेम चार सेकंद उरलेले असतात. तो बेशुद्ध असला तरी यंत्राचं अडत नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांत १० जण दगावले. मग आता माणसं मरतात कशी? बरीचशी व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली! लहान, चपळ पॅराशूट घ्यायचं, जमिनीजवळ झपकन वळायचं आणि मिळालेल्या वेगावर गवताला चाटून सुसाट जायचं, हा एक खेळच झालाय. वळताना पॅराशूट सूर मारतं, उंची भराभर घटते. अंदाज किंचित चुकला, की राखीव पॅराशूट उघडायला जागाच नसते.

पॅराशूट झटकन सोडवणारी तीन कड्यांची युक्ती शोधणारे बिल बूथ म्हणतात, साधनं जितकी सुरक्षित, तितका माणूस जास्त धोका पत्करतो आणि मृत्यूंचं प्रमाण जागच्या जागी राहतं. मला हे अर्धंच पटतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त जण जात, म्हणजे मृत्यू घटलेच आहेत. पण धोका पत्करण्याचं म्हणाल, तर जमिनीजवळ अशी वळणं घेतात ते मुरलेले लोकच. प्रशिक्षकाला बांधून उडी मारणाऱ्या नवख्याच्या वाट्याला ती येत नाहीत.