एक्केचाळीसचे दैव : हातभरणीच्या काडतुसाची कथा
(शस्त्र आणि शास्त्र : लेखांक सातवा)

मागील लेखांकात आपण ठासणीच्या बंदुकीचा विचार केला. पाटण, जावळी आणि शिराळा या तालुक्यांतील डोंगरकपारीच्या शेतकऱ्याला, रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करावे एवढ्याच मर्यादित हेतूने, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात जी बंदूक बाळगण्याची मुभा ठेवलेली आहे, ती हीच. तिच्या नळीत मोजून दारू ओतावी, तीवर चिंध्यांचा बोळा बसवावा, मग छर्रे सोडून गजाने सारे ठासावे आणि शेवटी टोपी चढवावी, हा सगळा खटाटोप प्रत्येक बाराच्या वेळी मालकाने स्वतःच्या हाताने करावयाचा असतो. ही बंदूक मंद आहे, पावसाळ्यात बेभरवशाची आहे. परंतु तिचा एक गुण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो असा की, तिचा बार मालक स्वतः घडवितो आणि म्हणून तो कोणा दूरच्या कारखान्याचा मिंधा नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पितळी काडतूस आले आणि ही सत्ता मालकाच्या हातून गेली. पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी ही काडतुसाची चार अंगे. त्यांपैकी टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते. पुंगळी मात्र मागे उरते, आणि चौघांत घडविण्यास सर्वांत अवघड व सामान्यतः सर्वांत महाग वस्तू तीच असते. मग ती टाकून का द्यावी, तिच्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी का बसवू नये, या साध्या काटकसरीच्या प्रश्नातून हातभरणीची विद्या जन्मास आली. अमेरिकेत आज ती एक प्रतिष्ठित छंद होऊन बसली आहे. तेथील एका काडतुसाचे तर सारे आयुष्यच या छंदाने तोलून धरले आहे, आणि त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

तत्पूर्वी, काडतुसाच्या परावलंबनाचा अर्थ काय, हे आपल्याच मुलखात पाहून घेणे इष्ट होईल. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांबरोबर दारूगोळ्याच्या निर्मितीवरही परवान्याचा अंमल बसविला होता. १९४२ नंतर तत्कालीन सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि कुंडलच्या जी. डी. बापू लाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तुफान सेना संघटित केली, तेव्हा त्यांच्यासमोरील अडचण केवळ शस्त्रांची नव्हती, काडतुसांचीही होती. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून सांगलीच्या तुरुंगातून निसटले. पाठलागात अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव धारातीर्थी पडले आणि दादा स्वतः गोळी लागून जखमी झाले. अशा रीतीने हाती आलेल्या बंदुकीचे आयुष्य तिच्याबरोबर आलेल्या काडतुसांइतकेच असते, ती संपली म्हणजे उरते ते लाकूड आणि लोखंड. भूमिगत मंडळी शस्त्रांसाठी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यापर्यंत वाट तुडवीत असत. आणि तेथून आणलेल्या पिस्तुलालाही त्याच्याच मापाचे काडतूस मिळाले तर अर्थ, कारण एका मापाचे काडतूस दुसऱ्या मापाच्या नळीत सहसा चालत नाही. शस्त्राचा खरा धनी तो, ज्याच्या हाती काडतूस भरण्याचे साधन आहे, हा धडा या मुलखाने असा प्रत्यक्ष गिरविलेला आहे.

आता अमेरिकेकडे वळू. १९३५ साली स्मिथ अँड वेसन या आस्थापनेने ०.३५७ मॅग्नम हे काडतूस बाजारात आणले. त्याची घडण मुळात नवी नव्हती. पोलिसांच्या परिचयाच्या ०.३८ स्पेशल या काडतुसाची पुंगळी सुमारे एक-अष्टमांश इंचाने लांबविण्यात आली होती. ही लांबी दारूला जागा व्हावी म्हणून जितकी होती, तितकीच, किंबहुना अधिक, सुरक्षिततेसाठी होती. कारण या लांबीमुळे नवे प्रखर काडतूस जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्व्हरच्या कप्प्यात शिरूच शकत नव्हते. वीस वर्षांनी, १९५५-५६ च्या सुमारास, त्याच पद्धतीने ०.४४ स्पेशलपासून ०.४४ मॅग्नम सिद्ध झाले. त्याची शक्ती शिकाऱ्याला आवडली. पोलिसाला मात्र तिचा धक्का सोसवेना.

तेव्हा एल्मर कीथ, बिल जॉर्डन आणि स्कीटर स्केल्टन या तिघा नामांकित नेमबाज-लेखकांनी असा आग्रह धरला की, या दोहोंच्या मध्ये बसेल असे एक काडतूस असावे. १९६४ साली रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर काढून तो आग्रह पुरा केला, हेच ०.४१ मॅग्नम. शिकाऱ्यासाठी ‘मॉडेल ५७’ आणि पोलिसासाठी स्थिर माशीचे, साधे ‘मॉडेल ५८’ अशी दोन रिव्हॉल्व्हरे निघाली, आणि काडतुसेही दोन प्रकारची निघाली: एक प्रखर, तांब्याच्या आवरणाच्या गोळीचे, आणि दुसरे सौम्य, शिशाच्या गोळीचे. दोहोंत गोळीचे वजन २१० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम.

कागदावर हा मध्यममार्ग निर्दोष होता. व्यवहारात मात्र तो कोणालाच मानवला नाही. पोलिसाला ४१ औंसांचे, म्हणजे सुमारे ११६० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर दिवसभर कमरेला बाळगणे जड वाटे, आणि सौम्य म्हणून दिलेले काडतूसही त्याच्या हाताला पुरेसे सौम्य नसे. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन अँटोनिओ यांसारख्या मोजक्या शहरांच्या पोलिसांनी ते स्वीकारले. इतरांनी पाठ फिरविली. शिकाऱ्याने असा विचार केला की, धक्का सोसावयाचाच आहे तर ०.४४ चाच का सोसू नये? आणि १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने ०.४४ मॅग्नमची कीर्ती घरोघर नेऊन पोहोचविली, तेव्हा राहिलीसाहिली स्पर्धाही आटोपली. गंमत अशी की, ०.४४ ची गोळी प्रत्यक्षात ०.४२९ इंच व्यासाची, आणि ०.४१ ची बरोबर ०.४१०. म्हणजे किर्लोस्करवाडीच्या किंवा कुपवाडच्या यंत्रशाळेतील कारागीर ज्याला ‘एकोणीस थौ’, म्हणजे इंचाचे एकोणीस सहस्रांश, म्हणेल, एवढाच काय तो दोहोंतील फरक. या एकोणीस थौंसाठी वेगळे शस्त्र आणि वेगळी काडतुसे बाळगावी, हे ग्राहकाला पटले नाही.

परंतु ०.४१ च्या दुर्दैवाचे सर्वांत खोल कारण याहून निराळे आहे. ०.३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये धाकटे ०.३८ स्पेशल चालते आणि ०.४४ मॅग्नममध्ये ०.४४ स्पेशल चालते. म्हणून त्यांचा मालक सरावाच्या दिवशी धाकट्या, स्वस्त व सौम्य काडतुसावर भागवितो आणि खरी निकड पडेल तेव्हाच थोरल्याला हात घालतो. ०.४१ मात्र कोणाच्या पुंगळीची लांबी वाढवून झालेले नाही. ते स्वतंत्रपणे घडविले गेले आणि त्याला बाजारात धाकटा भाऊच नाही. त्याच्या मालकाला सौम्य बार हवा असेल, तर तो त्याने आपल्या हातानेच भरावा लागतो. ज्या काडतुसाकडे पोलिसांनी, शिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी दुर्लक्ष केले, ते आज साठ वर्षांनीही जिवंत आहे याचे मोठे श्रेय या हातभरणी करणाऱ्या निष्ठावंतांकडे जाते.

ही भरणी कशी होते? प्रथम उडविलेली पुंगळी पुसून, तपासून, तडा गेलेली असल्यास बाजूला टाकली जाते. बाराच्या दाबाने ती किंचित फुगलेली असते. कठीण कार्बाइडच्या साच्यातून तरफेच्या यंत्राने दाबून तिला मूळ मापावर आणतात आणि त्याच ओघात जळकी टोपी बाहेर पडते. नंतर पुंगळीचे तोंड किंचित उमलते करतात, नवी टोपी बसवितात, मोजलेली दारू घालतात, गोळी ठरावीक खोलीपर्यंत उतरवितात आणि शेवटी पुंगळीची कड गोळीच्या खाचेत आत वळवून घट्ट करतात. हे शेवटचे कृत्य रिव्हॉल्व्हरमध्ये विशेष महत्त्वाचे ठरते. कारण एक बार उडाला की मागे येणाऱ्या धक्क्याने उरलेल्या कप्प्यांतील काडतुसे मागे खेचली जातात आणि त्यांतील गोळ्या जडत्वामुळे पुंगळीतून पुढे सरकू पाहतात. कड सैल राहिली तर एखादी गोळी कप्प्याबाहेर डोकावते आणि फिरते चक्र जागच्या जागी अडकून पडते.

दारूचे माप ग्रेनमध्ये होते. एका पौंडात ७,००० ग्रेन. विटे-आटपाडीकडील जी गलाई व्यावसायिक मंडळी सोनेचांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत, त्यांना या मापाची सूक्ष्मता समजावून सांगण्याची गरज नाही: सराफाची एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. सराफाच्या काट्यावर गुंजेची चूक झाली तर पैशाचे नुकसान होते; येथे तेवढीच चूक काही जातींच्या दारूत शस्त्राच्या आणि बोटांच्या मुळावर येऊ शकते. ०.४१ मॅग्नमचा मान्य कमाल दाब प्रति चौरस इंचास ३६,००० पौंड आहे. आपल्याकडील परवानाधारकांच्या परिचयाच्या ०.३२ रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी, १५,०००. जलद जळणारी दारू पुंगळीचा थोडाच भाग व्यापते, म्हणून अनवधानाने ती दोनदा पडली तरी वरून सहज उमगत नाही. उलट दारू मुळीच पडली नाही, तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकू शकते आणि मागून येणारा पुढील बार नळी फोडू शकतो. म्हणून जाणते भरणारे कारखान्यांनी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांबाहेर जात नाहीत, खालच्या आकड्यापासून आरंभ करतात, प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहतात आणि प्रत्येक खेपेची नोंद वहीत ठेवतात. काही मंद जळणाऱ्या जातींची दारू ठरावीक मापाहून कमी घालणेही निषिद्ध मानले जाते. कमी म्हणजे सुरक्षित, हा व्यवहारातील सिद्धान्त येथे नेहमीच लागू पडत नाही.

प्रखर बार उडविताना २१० ग्रेनची गोळी सेकंदास सुमारे १,३०० फूट वेगाने, म्हणजे ध्वनीहूनही वेगाने, नळीबाहेर पडते; तिची शक्ती ०.३२ च्या गोळीच्या सुमारे सातपट भरते. तळहातावर आदळणारा धक्का, डोळ्यांसमोरील ज्वाला आणि कानठळ्या बसविणारा आवाज यांमुळे नवखा नेमबाज पुढील बाराच्या आधीच दचकू लागतो, आणि दचकणे हा नेमाचा पहिला शत्रू. हातभरणी करणारा त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये वेग आठशे-नऊशे फुटांवर आणणारे सौम्य काडतूस भरतो, महिनोन्महिने तेच उडवितो आणि हात स्थिर झाल्यावर हळूहळू वर चढतो. कारखान्याने जो धाकटा भाऊ दिला नाही, तो तो स्वतःच निर्माण करतो.

आपल्याकडे हे का घडत नाही? उत्तर दफ्तरात आहे. १९५९ च्या अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे, आणि ‘दारूगोळा’ या संज्ञेच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेसुद्धा समाविष्ट आहेत. म्हणजे अमेरिकन गृहस्थ ज्या तरफेच्या यंत्रापाशी रविवारची दुपार घालवितो, तेच यंत्र येथे कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच ठरते. परवानाधारकाने किती काडतुसे बाळगावी याचीही नोंद त्याच्या परवान्यावर असते, आणि निवडणुका लागल्या की ते शस्त्रही बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने, विशेषतः त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने, शिकारीचा हेतूही संपुष्टात आणला. उरतो तो क्रीडेचा मार्ग. परंतु सांगलीशेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले ते ०.२२ च्या काडतुसावर, आणि त्यात टोपीचे द्रव्य पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्याने ते व्यवहारतः पुन्हा भरण्याजोगे नसते. तेथे नेमबाज सर्वस्वी कारखान्यावर विसंबून असतो.

या निर्बंधांबद्दल खेद मानण्याचे प्रस्तुत लेखकास कारण दिसत नाही. घरोघर काडतूस भरले जाणाऱ्या समाजाला त्या मुभेची किंमतही मोजावी लागते, आणि ती कोणत्या स्वरूपात मोजावी लागते हे तेथील वृत्तपत्रे वाचणाऱ्यास निराळे सांगावयास नको. मात्र एक गोष्ट स्पष्ट व्हावी. शस्त्रांचा इतिहास लिहिताना आपण नळ्या, घोडे आणि कारागिरांची नावे यांचीच नोंद करतो. वस्तुतः कोणते शस्त्र टिकेल आणि कोणते मोडीत निघेल, याचा निवाडा पुंगळी कोण भरतो यावर होत असतो. ०.४१ चे हजारो मालक ती स्वतः भरू शकले, म्हणून बाजाराने नाकारलेले ते शस्त्र तगले. प्रतिसरकारच्या सैनिकांना ती भरता येत नव्हती, म्हणून बंदूक मिळविण्याइतकेच काडतूस मिळविणेही त्यांना जोखमीचे झाले.

आपल्या देशात ही भरणी ज्यांच्या हाती आहे, त्या सरकारी कारखान्यांपैकी १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा विचार पुढील लेखांकात करू.