जुन्या मशीनला जुनीच डिस्क

राजारामपुरीतल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी अजूनही डीव्हीडीवर उतरवून मिळतात. वर व्हीसीआर, खाली घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर, मध्ये पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरी. कोल्हापूरच्या पावसात फितीला बुरशी धरते, ती आधी पुसावी लागते. पण मालकांच्या डोक्याला खरा ताप कोऱ्या डिस्कचा.

बाजारातून आणलेली १६ एक्स वेगाची डिस्क त्यांनी ट्रेवर ठेवली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं आणि डिस्क बाहेर टाकून मोकळं झालं. शेजारच्या कॉम्प्युटरवर तीच डिस्क बिनतक्रार राइट झाली. "मशीन जुनं हाय वो, त्याला जुनीच मानवते," म्हणत त्यांनी कपाटातली ४ एक्सची काढली. ती लगेच चालली.

कोऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेसर तो तापवून खुणा पाडतो. किती जोरानं आणि किती वेळ तापवायचं, हे त्या रंगावर आणि डिस्कच्या वेगावर ठरतं. म्हणून उत्पादकाचा संकेत डिस्कवर आधीच कोरलेला असतो. रेकॉर्डर तो वाचून आपल्या यादीत शोधतो. २००४ सालच्या मशीनच्या यादीत नंतर आलेली डिस्क कुठून सापडणार? बरं, तो १६चा आकडा इथं कामाचाही नाही. दोन तासांची कॅसेट उतरवायला दोन तासच लागतात.

त्यात प्लस-मायनसचा घोळ. डीव्हीडी-आर १९९७ची, डीव्हीडी+आर २००२ची. कंपन्यांच्या भांडणात गिऱ्हाइकाला दोन्ही चिन्हं पाठ करावी लागली. काही मशीनं एकच जात घेतात. एवढं जमलं तरी शेवटी फायनलाइझ करायचं, म्हणजे डिस्क इतर मशीनना वाचता येईल अशी बंद करायचं राहिलं, तर घरच्या प्लेअरवर डिस्क बहुधा लागतच नाही आणि गिऱ्हाईक भांडायला हजर.

चांगला माल आता सहज मिळत नाही. मोझर बेअर ही ग्रेटर नोएडाची कंपनी एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी होती; २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. मालक दुकानं बंद होताना उरलेले गठ्ठे उचलतात. नव्या गठ्ठ्यातली एक डिस्क आधी नुसती तपासायला खर्ची घालतात. मला ही उधळपट्टी वाटत नाही, कारण डिस्क फसली तर कॅसेट पुन्हा चालवावी लागते आणि फार वेळा चालवली की फीत झिजते.

तीन तासांची कॅसेट ४.७ जीबीच्या एका डिस्कवर बसवता येते, पण चित्राचा दर्जा उतरतो. हळदीनं माखलेल्या चेहऱ्यांचे चौकोन होतात. म्हणून ते दोन डिस्का घालतात. तोडायचं कुठं, हे मात्र गिऱ्हाइकाला विचारत नाहीत: पहिली डिस्क अक्षता पडल्यावर संपते, जेवणावळी दुसरीवर.