कासवाच्या पाठीवर पांढरे डाग पडलेत? हळद-तेल लावण्याआधी हे वाचा

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे हायवेने निघालं की कोन गाव लागतं. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात टॉवर उभे राहिले आणि टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये कासवंही आली. कुणी पोरांच्या हट्टापायी आणलं, कुणी वास्तूसाठी घराच्या उत्तरेला ठेवलं.

मग जुलै येतो. आठ-आठ दिवस ऊन नाही, भिंतींना ओल. अशातच एक दिवस कासवाच्या पाठीवर पांढरट डाग दिसतो. फोटो फॅमिली ग्रुपवर जातो आणि सल्ले सुरू होतात. हळद लाव, खोबरेल तेल चोळ, डेटॉलनं पूस.

थांबा. आधी कवच म्हणजे काय ते बघू.

कवच हे कासवाचं घर आहे असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते घर नाही, शरीर आहे. कासवाच्या फासळ्या आणि पाठीचा कणा एकमेकांना जुळून कवचाचं हाड तयार होतं. त्यावर खवल्यांचा थर असतो, तो केराटिनचा, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याचाच. खालच्या हाडात रक्त खेळतं, नसा असतात. पाठीवर बोट टेकवलं तरी कासवाला कळतं. त्यामुळे कवचावरची जखम म्हणजे डबा चेपल्यासारखी गोष्ट नाही. ती हाडापर्यंत जाऊ शकते.

आता डागाचं. प्रत्येक डाग म्हणजे आजार नसतो. पेट शॉपमध्ये मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. वाढताना ते जुने खवले टाकतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, पारदर्शक काहीतरी सुटून येतं आणि खालचं कवच टणक, स्वच्छ असतं. ही साधी कात आहे, ती नखानं ओढून काढायची नाही. बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर बादलीवर बसतो तसा क्षारांचा थर कवचावरही बसतो.

काळजी करायची ती वेगळ्या खुणांची. डाग खोलगट होतोय, कडेने खवला उचलला जातोय, तिथं घाण वास येतोय किंवा बोटानं हलकं दाबल्यावर मऊ लागतंय, तर ती कवच सडण्याची सुरुवात असू शकते. जिवाणू किंवा बुरशी खवल्याखाली शिरते. जमिनीवरच्या कासवात ती बऱ्याचदा कोरडी, भुरभुरीत पांढरी दिसते.

संपूर्ण कवचच मऊ पडलं असेल तर प्रकरण वेगळं. तिथं बहुतेकदा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतंच, पण मोठ्याचं नसावं. इथं फ्लॅटवाल्यांची एक हमखास गफलत होते. टाकी खिडकीच्या काचेआड ठेवतात आणि ऊन मिळालं असं समजतात. पण ड जीवनसत्त्व ज्या अतिनील किरणांमुळे तयार होतं, ते काच जवळपास सगळे अडवते. उन्हाची ऊब मिळते, फायदा मिळत नाही. थेट ऊन द्या, अर्धी सावली ठेवून. पावसाळ्यात ते जमत नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा लागतो, साधा एलईडी चालत नाही. नुसती सुकी कोळंबी खाऊ घालणंही बंद करा. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे पेट शॉपमधलं कटलबोन, टाकीत ठेवता येतं.

स्लायडरचा डाग लहान, वरवरचा असेल आणि कासव नीट खात-फिरत असेल, तर घरी एवढं करता येतं. मऊ टूथब्रश आणि कोमट पाण्यानं जागा हळुवार साफ करा. पोव्हिडोन आयोडीनचं साधं द्रावण (साबणवालं स्क्रब नव्हे) पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून डागावर लावा, काही मिनिटांनी पुसून घ्या. मग कासवाला उबदार, कोरड्या टबमध्ये ठेवा. मात्र स्लायडर पाण्याशिवाय घास गिळू शकत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ तासभर स्वच्छ पाण्यात सोडायचंच. टाकीचं पाणी बदला, फिल्टर धुवा, पूर्ण कोरडं बसता येईल असा दगड ठेवा. खरा उपचार बराचसा इथंच आहे. गढूळ पाणी तसंच ठेवून औषध लावण्यात अर्थ नाही.

तेल, हळदीचा लेप, नेलपॉलिश यांनी कवच झाकलं की ओल आत कोंडते आणि जंतूंचं फावतं. डेटॉलसारखी फिनॉल प्रकारातली जंतुनाशकंही नकोत. आणि गुरांना, कुत्र्यांना देतात ते आयव्हरमेक्टिन चुकूनही देऊ नका. कासवाचा त्यात जीव जातो.

आठवड्यात फरक नसेल, किंवा रक्त, पू, पोटाकडच्या कवचावर लालसर छटा, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी व्हेटकडे. सगळेच व्हेट कासवं बघत नाहीत, आधी फोन करून विचारा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, कोनकरांना लांब पडतं, पण पर्याय आहे.

आता अवघड भाग. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव तुमच्याकडे असेल, तर ते स्टार कासव आहे. ते कोरड्या, झुडपी माळरानातलं, कोकणातला ओला पावसाळा त्याला मानवत नाही. आणि ते पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, तेव्हापासून ते अनुसूची १ मध्ये आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं. या भीतीनं लोक डॉक्टरकडे जात नाहीत, घरीच लेप लावत बसतात आणि कासव आतून सडत जातं. वन विभागाची १९२६ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. तिथं कळवून कासव सोपवणं हाच त्याच्या जगण्याचा मार्ग.

गाढी नदीत किंवा वडाळे तलावात सोडणं हा मार्ग नाही. स्टार कासवाला पोहता येत नाही, ते बुडतं. स्लायडर मात्र मजेत जगतो आणि स्थानिक कासवांचं खाणं, जागा बळकावतो. जगातल्या १०० सर्वांत त्रासदायक परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

कासव हाताळल्यावर साबणानं हात धुवा, पोरांचेही धुवायला लावा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणानं अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. आपल्याकडे मात्र नाण्याएवढी पिल्लं प्लास्टिकच्या डबीत सर्रास मिळतात.